सट्ट्याच्या नोंदी मागायला निघण्यापूर्वी

आयपीएल संपली की आमच्या गल्लीत दोन-चार घरांतून कुजबुज ऐकू येते. कुणाची मोटारसायकल गहाण पडलेली असते, कुणाच्या आईचे गंठण सोनाराकडे गेलेले असते. वाचनालयात येणारी पोरे म्हणाली, "काका, या क्रिकेटच्या सट्ट्यावर लक्ष कोण ठेवतं ते विचारूया." मी म्हटले, विचारायचे तर कागदावर विचारूया, माहिती अधिकारात. त्यांच्यासाठी केलेली ही तयारी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुणालाही चालेल.

अर्ज लिहायच्या आधी कुठला कागद कुणाच्या कपाटात आहे ते ठरवा. निम्मे अर्ज इथेच वाया जातात. राज्यघटनेत जुगार आणि पैजा हा विषय राज्य सूचीत, 34 व्या नोंदीत आहे. त्यामुळे आपल्याकडचे गुन्हे 1963 च्या कर्नाटक पोलीस कायद्याखाली नोंदतात, मुख्यतः कलम 78, 79, 80 आणि 87. हे आकडे वहीत मोठ्या अक्षरात लिहा. ठाण्याच्या रजिस्टरात 'क्रिकेट सट्टा' असा वेगळा रकाना मिळेलच असे नाही. ओसी म्हणजे आकड्यांचा मटका, पत्ते आणि क्रिकेट बेटिंग एकाच कलमांत बसलेले असतात. तेव्हा विषयाच्या नावाने न मागता कलमाच्या आकड्याने मागा. बेळगाव शहरातली ठाणी पोलीस आयुक्तांकडे, तर खानापूर, निपाणी, चिकोडीची जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. मोबाइलवरून झालेल्या व्यवहाराची तक्रार असेल तर सायबर गुन्ह्यांचे सीईएन ठाणे वेगळे आहे, त्याचा वेगळा अर्ज करा.

अ‍ॅप बंद करण्याचे आदेश मात्र दिल्लीत, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयात निघतात. नोव्हेंबर 2023 मध्ये महादेव बुक या सट्ट्याच्या अ‍ॅपसह 22 अ‍ॅप आणि संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश तिथूनच निघाला होता. या आदेशांची प्रत मागितली की 2009 च्या ब्लॉकिंग नियमांतला 16 वा नियम, म्हणजे गुप्ततेचा, पुढे केला जातो. म्हणून आदेशाच्या प्रतीबरोबर किती विनंत्या आल्या, किती मान्य झाल्या, असे वर्षवार आकडेही मागा. आकडे देताना गुप्तता मोडते असे म्हणणे अवघड जाते. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड आहे. त्याची अंमलबजावणी विचारायची तर तोही अर्ज याच मंत्रालयाला, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून. क्रिकेट मंडळाला अर्ज करण्यात वेळ घालवू नका. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सरकारी निधी घेणाऱ्या संघटनांपुरताच माहिती अधिकार ठेवला आहे, आणि मंडळ तो निधी घेत नाही.

आता भाषेचे. माझा पहिला अर्ज मराठीत होता, तीन पानी. 'सट्टा रोखण्यासाठी आपण काय केले, का केले नाही' असे बरेच काही त्यात होते. संबंधित कार्यालयाचे एका ओळीचे उत्तर आले: अर्ज विहित भाषेत नाही आणि मागितलेली माहिती नेमकी नाही. भाषेवरून मी आठवडाभर धुमसत होतो. पिढ्यानपिढ्या इथे राहून आपल्याच बोलीत दोन ओळी विचारता येऊ नयेत, हा सल आजही आहे. पण उत्तराचा दुसरा भाग खरा होता. माहिती अधिकार कायदा कार्यालयात असलेला कागद देतो. 'का केले नाही' याचा कागद कुठल्याच कपाटात नसतो.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6 नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो. आपल्याकडे ती कन्नड. माझा अनुभव असा की कन्नड अर्ज टेबलावरून लवकर हलतो. मसुदा मराठीत करा, मग कन्नड माध्यमात शिकलेल्या कुणाकडून उतरवून घ्या. माझी पुतणी हे काम करते. तिनेच दाखवले की कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा. लिहिता न येणाऱ्याने तोंडी सांगितले तर ते लिहून घ्यायला मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, हेही कलम 6 मध्येच आहे. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही. विचारले तर नम्रपणे नाही म्हणा.

आमचा दुसरा अर्ज एवढाच होता: अमुक ठाण्यात 1 मार्च ते 31 मे या काळात कलम 78, 79, 80 आणि 87 खाली नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या, प्रत्येक गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, जप्त रक्कम आणि आजची स्थिती, व्यक्तींची नावे आणि फोन नंबर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 नुसार झाकून. शेवटचा तुकडा विसरू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले कलम 8(1)(j) बदलून वैयक्तिक माहिती नाकारणे सोपे केले आहे. आणि खरे सांगायचे तर गल्लीतल्या कर्जबाजारी पोरांची नावे आपल्याला नकोच आहेत. आपल्याला यंत्रणा तपासायची आहे.

नकाराची तयारी आधीच करून ठेवा. पोलीस बहुधा 'तपास चालू आहे' म्हणून कलम 8(1)(h) लावतात. दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगतसिंग नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात सांगितले आहे की तपास चालू असणे एवढे कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते. नियमन करणाऱ्या संस्था 'आम्हाला विश्वासाने दिलेली माहिती' म्हणतात. त्यावर 2015 चा रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: नियामकाची बांधिलकी जनतेशी, ज्याच्यावर देखरेख करायची त्या बँकेशी नाही. तो बँकांबद्दल असला तरी त्यातला मुद्दा अपिलात मांडा.

फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. कर्नाटकात पोस्टल ऑर्डर, डीडी किंवा रोख. पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावे काढायची ते आधी विचारा. इथे सीमेवरच्यांची एक चूक हमखास होते. शिनोळी किंवा चंदगड बाजूची माहिती हवी असेल तर अर्ज महाराष्ट्राच्या कार्यालयाला, मराठीत, आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तोच स्टॅम्प लावून बेळगावात अर्ज देऊ नका. बुकी रस्ता ओलांडला की राज्य बदलते, म्हणून निपाणी आणि कागल दोन्हीकडचे अर्ज एकाच दिवशी टाका आणि तारखा जुळवून मागा.

अर्ज हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय दारातून बाहेर येऊ नका. टपालाने पाठवला तर पोच जपा. तिथून 30 दिवस मोजा. उत्तर आले नाही तर तो नकारच. पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाचे पीठ बेळगावातही आहे. मुदत चुकवलेल्या उत्तराची प्रत फुकट मिळते, ते अपिलात लिहा.

कधी कधी उत्तर येते, 'येऊन नोंदी पाहा'. हे उत्तर चांगले समजा, कलम 2(j) मध्ये पाहणीचा हक्क आहे. ओळखपत्र, उत्तराचे पत्र, दोन पेन आणि घरीच रकाने आखलेली वही न्या: क्रमांक, तारीख, कलम, रक्कम, स्थिती. कन्नड वाचणारा माणूस बरोबर असलाच पाहिजे, आणि एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे. रकमा कन्नड आकड्यांत असतील तर सहा आणि नऊ घाईच्या अक्षरात जवळजवळ सारखे दिसतात. शंका आली की तिथल्या तिथे कारकुनाला विचारून वहीत पुन्हा लिहा.