सावलीची काठी: चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी

दिवसभर ऊन पडेल अशा मोकळ्या जागी दोन-अडीच फुटांची सरळ काठी अर्धा फूट खोल रोवा. दोऱ्याला खडा बांधून तो ओळंब्यासारखा काठीलगत धरा, म्हणजे ती कलली आहे का ते कळेल. कललेल्या काठीची सावली फसवते. टोकाला मातीचा छोटा गोळा बसवा, नुसत्या काठीच्या सावलीचं टोक पुसट दिसतं.

सकाळी नऊपासून दर तासाला सावलीच्या टोकाशी मुलाला खडा ठेवू द्या. पण आधी विचारा, "आता सावली कुठे जाईल?" खरा खेळ या अंदाजात आहे, म्हणून उत्तर सांगण्याची घाई नको. लांबी मुलाच्याच वितीने मोजा, पट्टी कशाला!

पुण्या-मुंबईत सर्वांत आखूड सावली बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास पडते. कारण आपलं घड्याळ बरंच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे, आणि तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो. मे महिन्याच्या मध्याला तर पुण्या-मुंबईत या वेळी सावली काठीच्या बुंध्याशी गडपच होते.

उन्हात दर वेळी दोनच मिनिटं. सूर्याकडे थेट बघू देऊ नका. काठीचं टोक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येत असेल तर काठी आखूड करा.