सीमाभागातलं घरचं कलादालन: चित्र आत घेण्यापासून बाहेर पाठवण्यापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात चित्रकार कोल्हापूरचा, भिंत कर्नाटकातली आणि गिऱ्हाईक गोव्याचं असा मेळ सहज जमतो. दालन घरचंच असेल तर आजोबांनी हौसेने घेतलेली आणि विकायला आलेली चित्रं शेजारी शेजारी लागतात. म्हणून खिळे-हातोडीच्या आधी वही आणावी.

प्रत्येक चित्राला क्रमांक द्या आणि मालकाचं नाव लिहा: घरातली नेमकी कोणती व्यक्ती, भागीदारीचा धंदा की चित्रकार. ‘घरचंच आहे’ ही नोंद नव्हे. वाटणीच्या वेळी भांडणं याच ओळीवरून होतात. माप चौकटीशिवाय, सेंटिमीटरमध्ये, उंची आधी. मग माध्यम, वर्ष, सहीची जागा. फोटो किमान चार: समोरून, मागून, सहीचा, आणि दिवा बाजूला धरून तिरक्या उजेडात. सुटलेला रंग आणि कॅनव्हासचे फुगवटे या चौथ्या फोटोतच दिसतात. दिसलेलं नुकसान लिहून देणाऱ्याची सही घ्या, म्हणजे पुढे ‘तुमच्याकडेच झालं’ हे ऐकावं लागत नाही.

मागची जुनी लेबलं, शिक्के, पेन्सिलीचे आकडे काढू नका. चौकट बदलली तरी ते नव्या पाठीवर पारदर्शक पाकिटात लावा. सूझा, हुसेन, रझा यांच्या नावाने नकली कामं बाजारात फिरतात. अशा चित्राची किंमत पूर्वीच्या मालकांच्या साखळीवर ठरते, सहीच्या वळणावर नाही. साखळी तुटलेली असेल तर अस्सलतेचा दाखला देऊच नये, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. जामिनी रॉय, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी यांनी १९४७ नंतरही काम केलं, पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ते ‘कलानिधी’ ठरवलेल्या नऊ चित्रकारांत येतात. त्यांची चित्रं देशात विकता येतात, परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकासाठी विचारणा आली तर आगाऊ घेण्याआधीच हे सांगून टाका.

कागदपत्रांत सीमाभागाची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापूरच्या चित्रकाराने चित्र फक्त मांडायला दिलं तर ती विक्री धरत नाहीत. डिसेंबर २०१७ च्या जीएसटी परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. चित्र डिलिव्हरी चलनावर (बिलाऐवजी मालासोबत येणाऱ्या कागदावर) येतं आणि बिल गिऱ्हाईक ठरल्यावर होतं. माल ‘पसंतीसाठी’ दिलेला असेल तर सहा महिन्यांत बिल व्हावं लागतं. राज्य ओलांडताना मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल (माल नेण्याची ऑनलाइन नोंद) लागतं, गाडी तुमची स्वतःची असली तरी. शिनोळी बेळगावला चिकटून असली तरी ती महाराष्ट्रात. अंतर कमी म्हणून कागद टळत नाही. चित्रकाराशी करारात चार गोष्टी हव्यातच: दालनाचा हिस्सा, मुदत, विम्याची रक्कम, आणि पैसे किती दिवसांत देणार. चित्र विकलं तरी छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, तेव्हा कॅलेंडरसाठी परवानगी वेगळी घ्या.

आता दमट हवेचं. जून ते सप्टेंबर इथे दालनाची खरी परीक्षा असते. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत ठेवायची. ६५ च्या वर काही दिवस राहिली की चौकटीच्या मागे बुरशी धरते. मात्र आकड्याइतकंच महत्त्व स्थिरतेला आहे: ५८ वर टिकून राहणारी खोली रोज ४५ ते ७० हेलकावे खाणाऱ्या खोलीपेक्षा बरी. आर्द्रतामापक आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओल्या वाळूसारखं करा, मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दिसलं तर तुमचा मापक पाचने कमी दाखवतो.

एसीवर विसंबू नका. पावसाळ्यात हवा मुळातच गार असते, कॉम्प्रेसर फारसा चालत नाही आणि पाणीही ओढलं जात नाही. डीह्युमिडिफायरच (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) घ्या, तोही गरजेपेक्षा मोठा. त्यावर छापलेली क्षमता बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांवर मोजलेली असते, आपल्या गार पावसात तो तेवढं पाणी काढत नाही. टाकी कोण रिकामी करणार हे घरात वाटून घ्या. भरली की यंत्र गुपचूप बंद पडतं.

पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर पाऊस थेट बसतो, तिथे चित्र लावू नका. इतर भिंतींवर चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना १२-१५ मिलिमीटरचे रबरी तुकडे लावा, मागून हवा खेळते. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला म्हणून तो ताणणाऱ्या मागच्या पाचरी ठोकू नका. उन्हाळ्यात तो ताणला जाईल आणि रंगाला चिरा पडतील. बुरशी दिसली तर चित्र वेगळ्या खोलीत न्या, कोरडं होऊ द्या, एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने बाहेरच्या हवेत झाडा. ओलं फडकं म्हणजे बुरशी रंगात घासणं. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि काही रंगांना मऊ करते.

अर्वाचीन चित्रांत साहित्यच तऱ्हेतऱ्हेचं असतं. अ‍ॅक्रिलिक उन्हाळ्यात किंचित चिकट राहतो, त्यामुळे धूळ पकडतो. त्यावर बबल रॅप थेट गुंडाळला तर फोडांचे ठसे कायमचे उमटतात. आधी सिलिकॉन लावलेला कागद, मग फोम, मग बबल रॅप, फोड बाहेरच्या बाजूला. हार्डबोर्डच्या कडा पाणी शोषून फुगतात, त्या कधीही फरशीवर टेकवू नका. कागदावरच्या कामाला सेलोटेप लावायचीच नाही. जपानी कागदाच्या बिजागऱ्या, म्हणजे चित्र धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावा, आणि माउंट (चित्रामागचा पुठ्ठा) आम्लरहित. उजेड कागदाला ५० लक्स (उजेड मोजण्याचं एकक), तैलरंगाला २०० पर्यंत, दिवा साधारण ३० अंशांत तिरका.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १४८ सेंटिमीटरवर धरा. ९० सेंटिमीटर उंच चौकट असेल आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटर खाली येत असेल, तर हूक १४८ + ४५ − ८, म्हणजे १८५ वर. दोन हूक वापरा, एकावर चित्र सरकून वाकडं होतं. सुतळी नको, ती दमटपणात सैल होते आणि एक दिवस तुटते.

पाठवताना खोका उभाच राहील असा बांधा. चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरताना हवा झपाट्याने दमट होते, तेव्हा आत सिलिका जेलची पाकिटं घाला. पोहोचल्यावर खोका लगेच उघडू नये, २४ तास त्या खोलीत बंदच ठेवावा, हे गिऱ्हाइकाला आधी लिहून कळवा. उघडल्यावर तिरक्या उजेडातला फोटो मागवा, वहीतल्या चौथ्या फोटोशी ताडून पाहा, आणि पोचपावती आल्यावरच चित्रकाराचे पैसे चुकते करा.