थंडीत १३:००:४५ खत बादलीच्या तळाशी बसतं? हे करून बघा

हिवाळ्यात सकाळी १३:००:४५ कितीही ढवळलं तरी तळाशी दाणे राहतात आणि मग ठिबकचा फिल्टर तुंबतो. मी बरेच दिवस खताच्या बॅगेलाच दोष देत होतो! खरं तर हे खत, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, विरघळताना पाण्यातलीच उष्णता ओढून घेतं. १० लिटर पाण्यात १ किलो टाकलं की पाणी ७-८ अंशांनी गार पडतं. बादलीला हात लावून बघा, कळेल. आणि गार पाण्यात ते आणखीच कमी विरघळतं.

म्हणून द्रावण दुपारी करा, उन्हात तापलेल्या टाकीच्या पाण्यात. किलोला किमान १० लिटर पाणी घ्या. आधी पाणी, मग खत, तेही तीन-चार हप्त्यांत. प्रत्येक वेळी ढवळून पाच-दहा मिनिटं थांबा, पाणी परत कोमट होऊ द्या. घाई असेल तर तांब्या-दोन तांबे गरम पाणी ओता. शेवटी फडक्यातून गाळूनच व्हेंच्युरीला (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीला) लावा.

एक मात्र सांभाळा: त्याच बादलीत कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (फॉस्फेटचं खत) किंवा ००:००:५० (सल्फेटचं खत) एकत्र करू नका. पांढरा साका बसतो, तो गरम पाण्यानेही विरघळत नाही.