नायट्रो ट्रकची इंधनटाकी हलवायची आहे? ड्रिल हातात घेण्याआधीची तयारी

रिमोटवर चालणाऱ्या, छोट्या नायट्रो इंजिनाच्या मॉडेल ट्रकमधली इंधनटाकी हलवण्याचं काम वरवर पाहता ब्रॅकेट बनवण्याचं वाटतं. प्रत्यक्षात ब्रॅकेट हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग आहे. टाकी कोणत्या उंचीवर बसते आणि तिचं तोंड कोणत्या दिशेला राहतं, यावर इंजिन नीट चालणार की जळणार हे ठरतं. नायट्रो इंजिनला इंधनाचा पंप नसतो. सायलेन्सर किंवा ट्यून्ड पाइपच्या निपलमधून (नळी चढवायच्या तोटीतून) येणारा थोडासा दाब टाकीतलं इंधन कार्ब्युरेटरकडे ढकलतो. हा दाब इतका कमी असतो की टाकी एक-दोन सेंटीमीटर वरखाली झाली तरी मिश्रणात फरक पडतो. म्हणून तयारीची सुरुवात मोजमापापासून करा, सामानाची खरेदी नंतर.

ट्रक अजून मूळ स्थितीत असतानाच दोन गोष्टी टिपून ठेवा. पहिली, हाय स्पीड आणि लो स्पीड निडलची (कार्ब्युरेटरवरच्या, इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूंची) आत्ताची जागा: प्रत्येक निडल हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत फिरवा, किती फेरे बसले ते मोजून लिहा आणि तितकेच फेरे परत उघडा. दुसरी, टाकीच्या तळापासून कार्बच्या इंधन निपलपर्यंतची उभी उंची. दोन्ही बाजूंनी फोटोही काढून ठेवा, नळ्या कुठून कशा गेल्यात हे नंतर आठवत नाही.

यानंतर टाकी रिकामी करा. नायट्रो इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि त्वचेतून ते शरीरात शिरतं. म्हणून काम उघड्यावर, हातमोजे घालून करा आणि आसपास ठिणगी किंवा पेटती वस्तू नको. जवळ पाण्याची बादली ठेवा, कारण मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं आणि सांडलेलं इंधन भरपूर पाण्याने पातळ करता येतं. इंधनाचा वास असलेल्या टाकीला ड्रिल लावायचं नाही. टाकीला नवीन भोक पाडण्याची गरज पडते आहे असं वाटलं, तर जागेची निवडच चुकली आहे.

जागा ठरवताना टाकीची लांबी-रुंदी मोजून ती पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि रबरबँडने चेसीवर बांधा. आता ट्रकची प्रत्येक हालचाल करून बघा: स्टीअरिंग दोन्ही टोकांना, चारही सस्पेन्शन पूर्ण दाबून, थ्रॉटलचा सर्व्हो पूर्ण गॅसपासून पूर्ण ब्रेकपर्यंत. पुलस्टार्टची दोरी ओढता आली पाहिजे, ग्लो इग्नायटर (इंजिन सुरू करताना ग्लो प्लग तापवणारं साधन) प्लगवर सरळ बसला पाहिजे. क्लचबेल, स्पर गिअर, ब्रेकची डिस्क आणि फ्लायव्हील यांपासून टाकी आणि नळ्या किमान ५ मिमी लांब राहतील असं बघा. फिरत्या गिअरला नळी लागली तर ती पहिल्याच फेरीत फाटते.

उष्णतेचा हिशेब वेगळा करा. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं आणि चालू इंजिनाचं हेड साधारण ९५ ते १२० अंशांवर असतं. म्हणजे हेडला किंवा पाइपला टेकलेल्या नळीत इंधनाचे बुडबुडे होणारच, मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) होणार आणि इंजिन आणखी तापणार. टाकी पाइपच्या शेजारी बसवण्याशिवाय पर्याय नसेल, तर मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आडभिंत उभी करा आणि तिच्या दोन्ही बाजूंना १० मिमी तरी हवा खेळती ठेवा.

आता उंची. टाकीची मध्यरेषा कार्बच्या इंधन निपलच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. टाकी फार वर गेली तर ट्रक उभा असतानाही इंधन आपोआप इंजिनात उतरतं आणि इंजिन इंधनाने भरून अडकतं. तशा अवस्थेत जोर लावून दोरी ओढली तर कनेक्टिंग रॉड वाकतो, तेव्हा आधी ग्लो प्लग काढून, ट्रक उलटा करून इंधन बाहेर काढावं लागतं. टाकी फार खाली गेली तर उलटं होतं: भरलेल्या टाकीवर इंजिन छान चालतं आणि शेवटच्या पाव टाकीत लीन होऊन तापतं.

पातळी डोळ्यांनी अंदाजायची गरज नाही. पुठ्ठ्याच्या जागी खरी टाकी तात्पुरती बांधा, अर्धी भरा, झाकण उघडं ठेवा आणि कार्बकडची नळी निपलवरून काढून तिचं टोक वर धरा. पारदर्शक नळीत इंधन टाकीतल्या पातळीइतकंच चढून थांबतं. ती रेघ कार्बच्या निपलशी जुळते का ते बघा. रेघ निपलच्या १० मिमीहून अधिक वर असेल तर टाकी उतरवा, त्याहून जास्त खाली असेल तर चढवा. ट्रक सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभा असताना हे करा, स्टँडवर नको.

टाकीची दिशा हा दुसरा निर्णायक मुद्दा, आणि तो सहज विसरला जातो. टाकीतून इंधन उचलणारी नळी बहुतेक टाक्यांत मागच्या खालच्या कोपऱ्यात असते, कारण गॅस दिल्यावर इंधन मागे सरकतं. टाकी १८० अंशांत फिरवली तर नेमकं वेग घेताना तिथे हवा शिरते आणि इंजिन खोकतं. ९० अंशांत फिरवली तर एका बाजूच्या वळणावर तेच होतं. म्हणून मूळ ट्रकमध्ये टाकीची जी बाजू मागे होती तीच नव्या जागीही मागे राहू द्या. फिरवणं अटळ असेल तर आतून वजनाच्या टोकासह हलणारी क्लंक नळी असलेली टाकी लागेल. तिचं टोक इंधन जाईल तिकडे जातं.

वजनाचंही बघा. साधारण २० टक्के नायट्रोचं इंधन एका सीसीला ०.८८ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे १२५ सीसीची टाकी पूर्ण भरल्यावर सुमारे ११० ग्रॅम आणि ७५ सीसीची सुमारे ६५ ग्रॅम. हे वजन धावताना कमी होत जातं. ते ट्रकच्या मध्यरेषेजवळ आणि जमेल तितकं खाली असेल तर हाताळणी बदलत नाही. एका कडेला गेलं तर भरलेल्या टाकीवर ट्रक एका बाजूला ओढतो आणि रिकामी होताना सरळ होतो. मग स्टीअरिंगचा ट्रिम लावून काहीच उपयोग होत नाही.

आता सामान. १५ मिमी रुंद, २ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी किंवा २० बाय २० मिमीच्या अँगलचा हातभर तुकडा पुरतो. त्याऐवजी पॉलिथिलीनचा जुना चॉपिंग बोर्डही उत्तम: मिथेनॉलने तो बिघडत नाही, करवतीने कापतो, कानशीने घासता येतो आणि थोडं कंपनही शोषतो. आठेक एम३ स्क्रू, तितकेच नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, कंपनाने न सुटणारे), १६ वॉशर घ्या. टाकी उंचावायला जुन्या कॉम्प्युटरमधले मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ चालतात, पण त्यांत दोन प्रकारचे आटे असतात, म्हणून एम३चा स्क्रू आधी हाताने फिरवून बघा. दोन फेऱ्यांत अडकला तर तो स्टँडऑफ बाजूला ठेवा.

नळीवर मात्र काटकसर करू नका. आतून सुमारे २.५ मिमी व्यासाची नायट्रो इंधनाची सिलिकॉन नळी, साधारण अर्धा मीटर, नवीनच घ्या. माशांच्या टाकीच्या हवेची पीव्हीसी नळी काही दिवसांत कडक होऊन निपलवर सैल पडते. आणि उरलेली सिलिकॉन नळी पेट्रोलच्या मॉडेलला लावू नका, पेट्रोलमध्ये ती फुगते. झिप टाय चारपाच असू द्या, नळ्या जागेवर ठेवायला. टाकीभोवती झिप टाय आवळून ती बसवायचा विचार सोडून द्या, कारण त्याने टाकी दबते, झाकणाची बैठक वाकते आणि दाब गळतो. दुहेरी टेप आणि हॉट ग्लू तर इंधन लागताच सुटतात.

फेस होऊ नये म्हणून टाकी रबरावर तरंगती ठेवावी लागते. इंजिनाच्या कंपनाने इंधनात बारीक बुडबुडे झाले की कार्बला इंधनाऐवजी फेस मिळतो. टाकीच्या कानांतले (स्क्रूसाठी भोक असलेल्या कडांतले) मूळ रबरी ग्रोमेट असतील तर तेच परत वापरा. नसतील तर त्याच सिलिकॉन नळीचे चार-चार मिमीचे तुकडे कापून स्क्रूवर चढवा. एम३चा स्क्रू त्यात घट्ट जातो. कानाच्या वर एक, खाली एक, बाहेरून वॉशर, शेवटी नायलॉक नट. रबर किंचित फुगेल इतकंच आवळा. हाताने हलवल्यावर टाकी जरा झुलली पाहिजे, खडखडता कामा नये.

भोकं पाडण्याआधी इंजिन उतरवा. ते जमत नसेल तर कार्बचं तोंड आणि एक्झॉस्ट फडक्याने घट्ट बंद करा, कारण ॲल्युमिनियमचा एक कीस पिस्टन आणि स्लीव्हला (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याला) कायमचा ओरखडा पाडतो. सेंटर पंचने खूण, आधी २ मिमीचं ड्रिल, मग ३.२ मिमीचं. चेसीच्या खालच्या बाजूने काउंटरसंक करून स्क्रूचं डोकं पृष्ठभागात बुडवा, नाहीतर ते पहिल्या दगडावर अडकेल. भोकाची बोचरी कड कानशीने काढा, त्यावरच नळ्या घासतात. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक लावा, प्लॅस्टिकच्या कानांना नाही. काही प्लॅस्टिक त्याने तडकतात.

टाकी चढवण्यापूर्वी गळती तपासा. टाकी धुऊन, पूर्ण वाळवून झाकण बंद करा, इंधनाच्या निपलवर नळीचा तुकडा चढवून त्याचं टोक बांधा आणि दाबाच्या निपलला नळीने सुई काढलेली २० मिलिची सिरिंज जोडा. टाकी पाण्यात बुडवून दट्ट्या हळू दाबा. बुडबुडे झाकणाच्या कडेने येत असतील तर ओ-रिंग बदला. जोडावरून किंवा निपलच्या मुळाशी येत असतील तर टाकीच बदला, चिकटवलेला जोड टिकत नाही. तपासणी झाली की टाकी पुन्हा पूर्ण वाळवा आणि थोड्या इंधनाने दोनदा खळबळून काढा. पाण्याचा थेंब आणि ड्रिलचा कीस, दोन्ही कार्बपर्यंत पोचायला नकोत.

नळ्यांची मांडणी करताना टाकीपासून कार्बपर्यंतची नळी शक्य तितकी आखूड ठेवा. या मापाच्या दर १० सेंटीमीटर नळीत साधारण अर्धा सीसी इंधन मावतं आणि नळी लांबली की गॅस दिल्यावर इंधन उशिरा पोचतं. पाइपपासून टाकीकडची दाबाची नळी थोडी लांब चालते, पण कुठेही मुडपलेली किंवा खोल लोंबणारी नको, तिथे तेल साचतं. दोन्ही नळ्यांची टोकं धारदार ब्लेडने सरळ कापा. इनलाइन फिल्टर लावायचाच तर एकच लावा. प्रत्येक जोड ही हवा शिरायची जागा आहे.

बॉडीला झाकणासाठी नवं भोक लागेल. झाकणाच्या माथ्यावर ओला रंग लावून बॉडी खुंट्यांवर अलगद टेकवा, आतून ठसा उमटतो. झाकण पूर्ण उघडेल आणि इंधनाच्या बाटलीची चोच सरळ जाईल इतकं मोठं कापा. बॉडी झाकणाला जराही टेकली तर उडीनंतर ते उघडतं आणि दाब जातो.

पहिल्यांदा चालवताना हाय स्पीड निडल लिहून ठेवलेल्या जागेपेक्षा पाव फेरा उघडी ठेवा. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळतं, त्यामुळे रिच (इंधन जास्त) चाललं तर फक्त धूर होतो, लीन चाललं तर पिस्टन आणि स्लीव्ह जातात. हेडचं तापमान ग्लो प्लगजवळ इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. इंजिन गरम झाल्यावर आयडलला (गॅस न देता इंजिन मंद चालू असताना) कार्बजवळची नळी चिमटीत धरा: दोन ते चार सेकंदांत आवाज थोडा चढून इंजिन बंद पडलं तर लो स्पीड ठीक आहे. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ रेंगाळलं तर रिच.

नळीत बुडबुडे दिसले तर ते कधी दिसतात हे बघा. आयडललाही सतत असतील तर जोडातून हवा शिरते आहे. फक्त जोरात गॅस दिल्यावर असतील तर फेस होतो आहे, रबर बदला. इंजिन तापल्यावर हेडजवळच्या भागात असतील तर नळी दूर वळवा. भरलेल्या टाकीवर ठीक आणि शेवटच्या पाव टाकीत वेग आपोआप चढत असेल तर टाकीखाली ३ ते ५ मिमीचे स्पेसर घाला. टाकी भरल्यावर आयडलला गुरगुरून बंद पडत असेल तर तितकेच काढा. पहिली टाकी संपल्यावर सगळे स्क्रू पुन्हा तपासा आणि ट्रक ठेवून देण्याआधी झाकण एकदा उघडून उरलेला दाब सोडा, उरलेलं इंधन काढून घ्या.