बेडूक ओरडतायत म्हणजे रान ठीक? मालकी जंगलात तोड करताना या चुका टाळा

तोड झालेल्या रानात पहिला पाऊस पडतो, ट्रकच्या चाकोऱ्यांत पाणी साचतं आणि रात्रभर डरांव डरांव सुरू होतं. मालक खुशीत म्हणतो, ‘बघा, बेडूक आहेत की!’ पहिली चूक इथेच होते. ओरडणारे बहुतेक शेताबांधावरचे असतात, उघड्यावर जगायला सरावलेले. पाचोळ्यातल्या बेडकांचा आवाज मुळातच बारीक, टिकटिक असा. त्या गोंगाटात तो बंद झाल्याचं कळतसुद्धा नाही. चाकोरीतलं पाणी तर फसवंच. बेडूक त्यात अंडी घालतात, मग आठ दिवस उघडीप पडते आणि टॅडपोल चिखलातच वाळून जातात.

बेडकाला तळं लागतंच, ही शाळेपासूनची समजूतही सोडा. सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांच्या अंड्यातून टॅडपोल नाही, थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. इंडिराना बेडकांचे टॅडपोल ओल्या कातळावर चिकटून वाढतात. देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बेडकांचा बिनपायाचा नातलग, तर जमिनीतच राहतं, आणि सापाचं पिल्लू समजून हकनाक मारलं जातं. सिंधुदुर्गातल्या आंबोलीतूनच 2003 मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, 2009 मध्ये आंबोली भेकाची. असे कितीतरी जीव कातडीवाटेही श्वास घेतात आणि त्यासाठी कातडी ओली लागते. डोक्यावरची सावली गेली की जमीन तापते, पाचोळा कुरकुरीत होतो. ओढा जवळ असला तरी तिथवर पोचायला ओल नसते.

म्हणून सगळं रान एका वर्षात मोकळं करू नका. टप्प्याटप्प्याने तोडा. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही काठांना निदान एका मोठ्या झाडाच्या उंचीएवढा पट्टा तसाच राहू द्या. ओंडके वहाळातून ओढत नेणं सोपं पडतं खरं, पण त्याने काठ ढासळतो आणि दगडांच्या फटी गाळाने बुजतात. ओढण्याची वाट एकच ठरवा, आणि माल पावसाच्या आत बाहेर काढा. मिरग लागल्यावर चिखलात गाडी घालणं सगळ्यात महागात पडतं, गाडीलाही.

जेसीबीने बुंधे उपटायची घाई नको. ऐन, किंजळ यांच्या बुंध्याला फुटवे येतात. चार-सहा वर्षांत पुन्हा थोडी सावली धरते. बुंधे काढून काजू लावला की हिरवळ दिसते, पण काजूखालची जमीन दरवर्षी साफ केली जाते. बेडकाच्या हिशेबात ते रान नव्हे.

तोडीची परवानगी घेताना कागदावर झाडं मोजली जातात. पाचोळा कोणी मोजत नाही. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, सगळाच पातेरा झाडून नेऊ नका. काट्याकुट्या, वाकडी फांदी, सरपणालाही न लागणारा कुजका ओंडका जागेवरच राहू दे. ‘रान स्वच्छ दिसलं पाहिजे’ हा हट्ट कुठून आला कोण जाणे!

तपासायचं असेल तर चाकोरीपाशी उभं राहून कान देऊ नका. पावसाळ्यात दिवसा, न तोडलेल्या भागात आणि तोडलेल्या भागात, सारखेच पाच-दहा ओंडके उचलून पाहा. दोन्हीकडे काय सापडलं ते वहीत लिहा आणि ओंडका होता तसाच, हळूच परत ठेवा.