कानबाईची गाणी आणि २५६ बाइटचा बफर

पाचोऱ्याच्या मामांनी कानबाईची गाणी सीडीवर भरून ठेवलेली. त्या सीड्यांच्या इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलमधली हुबेहूब प्रत, सांभाळायला मी सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. जळगावला माझ्या मशीनवर महिनाभर नीट चालला. मामेभावाने लावला आणि फोन आला, "दादा, हाई उघडस नही, बंद पडी जास."

चूक माझी होती. सीडीची मांडणी सांगणाऱ्या क्यू फाइलमध्ये खरा डेटा असलेल्या बिन फाइलचं नाव असतं. ते फोल्डरच्या पाथला जोडून मी २५६ बाइटच्या ॲरेत, म्हणजे बफरमध्ये, स्प्रिंटएफने ओतत होतो. ते जागा पुरते का हे बघत नाही. माझ्या फोल्डरांची नावं इंग्रजी, त्याची सगळी मराठी. 'कानबाईची गाणी' वाचायला सात अक्षरं. काने-वेलांट्या सुटे धरून १२ कोडपॉइंट (यूनिकोडची चिन्हं), प्रत्येकी ३ बाइट, मधल्या स्पेसचा १, म्हणजे यूटीएफ-८मध्ये ३७ बाइट. एवढ्याच लांबीचे सात फोल्डर एकात एक ठेवले तर स्लॅशसकट २६६ होतात, २५६मध्ये मावत नाहीत.

ॲरे ४०९६चा करून भागेल असं वाटतं. लिनक्समध्ये पाथ-मॅक्सचा आकडा तोच आहे, पण तो एका सिस्टिम कॉलला दिलेल्या पाथपुरता. दोन तुकडे जोडताना बेरीज त्यापुढे जाऊ शकतेच. म्हणून आधी मोजा: फोल्डरची लांबी, स्लॅशचा १, नावाची लांबी, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटचा १. तेवढीच मेमरी मॅलॉककडे मागा आणि मिळाली का ते बघा.

ठरावीक आकाराचा बफरच वापरायचा असेल तर एसएनप्रिंटएफ घ्या. शेवटचा शून्य सोडून किती बाइट लागले असते तो आकडा ते परत देतं. आकडा ऋण असेल, किंवा बफरच्या आकाराइतका वा जास्त असेल, तर एरर देऊन थांबा. स्ट्रएनकॉपी नको, जागा भरली की ते शेवटी शून्य लावत नाही. फंक्शनमध्ये पॉइंटर आला असेल तर साइझऑफ बफरचा नाही, पॉइंटरचाच आकार सांगतं, ६४ बिटच्या मशीनवर ८, म्हणून आकार वेगळा पाठवा.

छाटलेला पाथ कधीच वापरू नका. इमेजची प्रत काढताना नावाला '-जुनी' जोडताय आणि नेमकं तेवढंच शेपूट छाटलं गेलं, तर उरतो मूळ फाइलचा पाथ. प्रोग्रॅम मुकाट्याने मूळ इमेजवरच लिहायला लागतो. क्रॅश झालेला परवडला, मामांचं एकुलतं रेकॉर्डिंग गेलं तर आणायचं कुठून?

इमेजच्या आत लिहिलेल्या लांबीवरही विसंबू नका. क्यूकाऊ२ या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क इमेजच्या प्रकारात बॅकिंग फाइलचं (ती ज्या मूळ इमेजवर बेतलेली असते तिचं) नाव १०२३ बाइटपर्यंत चालतं, त्याच्या शेवटी शून्य नसतो. आकडा तपासा, मग वाचा, शून्य स्वतः लावा.

चाचणीला ॲड्रेस सॅनिटायझर (बफरबाहेरचं लिहिणं-वाचणं पकडणारी कंपायलरची सोय) लावून कंपाइल करा. बफर २५६चा असेल तर २५५, २५६ आणि २५७ बाइटचे पाथ द्या. पहिला उघडला पाहिजे, बाकी दोन्हींना स्वच्छ एरर आली पाहिजे. मामेभावाच्या फोल्डरांची ती अख्खी उतरंड मी आता चाचणीतच ठेवली आहे.