जुन्या चादरी: ठेवायच्या की फाडायच्या?

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातून जुन्या चादरी, अभ्रे, टॉवेल निघतात आणि ‘असू दे, लागेल’ म्हणत पुन्हा आत जातात. त्याआधी प्रत्येक चादर खिडकीसमोर उजेडात धरा. चादर विरते ती मधोमध, अंग टेकतं तिथे. कडा बऱ्याचदा धडधाकट असतात. अशी डबलची चादर मधून उभी कापून कडेच्या बाजू एकमेकींना जोडा आणि विरलेला भाग छाटून टाका. सिंगल बेडला छान पुरते. शिवण तेवढी चपटी घाला, नाहीतर पाठीला टोचते.

पार विरलेल्या सुती चादरी आणि धोतरं गोधडीच्या आतल्या थराला उत्तम. सुती आहे की नाही अशी शंका असेल तर एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, म्हणून त्याची फडकी करण्यात अर्थ नाही. पंख्यावर किंवा सायकलवर झाकायला वापरा.

टॉवेलची पायपुसणी होतात. भटक्या जनावरांची देखभाल करणाऱ्या संस्थाही टॉवेल घेतात, पण आधी फोन करून विचारा. सोलापुरी चादरीची चौपदरी घडी इस्त्रीखाली घाला.

दान करायचं तर धुऊन, वाळवून, धड असेल तेच. आणि फडक्यांचा ढीग एका पिशवीपुरताच ठेवा.